माहेरच्या नावांची यादी

“तुळसा कोण आहे?” साहेबानं तिसऱ्यांदा इचारलं आन चावडीम्होरं बसलेलं सगळं गाव एकमेकाच्या तोंडाकडं बघायलं. माझ्या कडंवर छबू होती, तिला मी इतकी आवळून धरली की लेकरू रडायलं, पण ते रडणंबी मला कुठून तरी लांबून यायल्यावानी वाटायलं. साहेबाच्या हातात माझ्या हातानं लिव्हलेली यादी होती. एकवीस बायांची. तेनं वाचलं, तुळसा. कोणी उठलं न्हाई. तेनं वाचलं, ठकू. कोणी न्हाई. चंद्रा, कोणी न्हाई. बाया तर सगळ्या हितंच होत्या, भिताडाच्या सावलीला पदर वढून बसलेल्या, आन एकबी मान वर करंना.

साहेबाच्या बाजूला खुर्चीवर गावचा सारा वसूल करणारे मालीपाटील बसले होते. तेंनी मिशीवरून हात फिरवला आन म्हणले, “साहेब, मी ह्याच गावात जलमलो. अशा नावाच्या बाया ह्या गावात न्हाईत.”

“एकही नाही?”

“एकबी न्हाई. तुमीच इचारा की सगळ्याला.”

गडीमाणसांनी माना हलवल्या. आमचे मालकबी तेंच्यातच होते, तेंनीबी हलवली. साहेबानं यादीची घडी घातली, जीपवाल्याकडं बघितलं आन म्हणला, “म्हणजे हे मंडळच बोगस आहे. कोणी लिहिली ही यादी?”

मला बोगस म्हंजे काय ते तवा म्हाईत नव्हतं. पण कसं म्हणला त्येच्यावरून कळलं.

आता मी कोण ते सांगते. नाव सांगत न्हाई. शाळेचे मास्तर म्हणले, तालुक्याचा दिवाळी अंक निघायलाय, तुमच्या कामाचा अनुभव लिव्हून द्या. मी दोन महिने लिव्हलं न्हाई. छापलेला कागद कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत न्हाई, आन हे मी शिकले ते फुकट न्हाई शिकले. मग ठरवलं की गावाचं नाव सांगायचं न्हाई, माणसांची नावं सगळी बदलायची. जिंतूरहून पायी निघालं तर अर्ध्या दिवसात आमचं गाव येतं, एवढं पुरे. मास्तर म्हणले, भाषा मी नीट करून देतो. मी म्हणलं, नका, नीट करता करता तुमी काय बदलसाल ते मला कळायचं न्हाई.

मी तीन यत्ता शिकलेली हाय. चौथीत होते तवा रझाकाराची धामधूम झाली, शाळा बंद पडली, आन परत उघडली तवर माझं लगीन झालतं. तीन यत्ता म्हंजे काय फार न्हाई, पण आमच्या गावात बायकांत तेवढंबी कुणाला येत नव्हतं. म्हणून ब्लॉकच्या, म्हंजे जिंतूरच्या सरकारी विकास हापिसाच्या, ग्रामसेविका बाई सायकल हातात धरून गावात आल्या तवा तेंनी मला धरलं. महिला मंडळाची चिटणीस केलं. चिटणीस म्हंजे कागद लिव्हणारी. त्या दिवसापासून मी सरकारला कागद लिव्हायले, आज तीन वर्षं झाली, आन पगार इचारू नका.

ज्यांना म्हाईत न्हाई तेंच्यासाठी सांगते, सरकारकडं गावाच्या कामाला मदत असती. तिला अनुदान म्हणतेत. पयले पयले मला वाटायचं सरकार चांगलं म्हणून देतंय, मग वाटायलं काहीतरी घेणार म्हणून देतंय, आता मला काहीच वाटत न्हाई, मी नियम वाचते. नियम असा हाय की अर्धं सरकारचं आन अर्धं गावाचं. गावाचं अर्धं म्हंजे नोटाच द्या असं न्हाई. दगड वाहा, गाळ काढा, माती टाका, ते धरतेत. मागायला मंडळ लागतं. मंडळात एकवीस बाया लागतेत, इसावर चालत न्हाई. तेंची नावं, वयं, आंगठे. ठराव लागतो. जागा कुणाची ते लागतं. आन हे सगळं मार्च संपायच्या आत. मार्च संपला की आलेली मदत माघारी जाती, मग तुमी कितीबी रडा.

आणखी एक हाय, ते कुणी सांगत न्हाई. मदत हाय ही खबर गावात येतच न्हाई. ब्लॉकच्या हापिसात भिंतीवर कागद चिकटवतेत, आन त्या भिंतीकडं तोंड करून आपली गडीमाणसं पान थुंकतेत. मी जिंतूरला बाजाराला गेले की पयले ती भिंत वाचते, मग मीठमिरची. कवा झाडाची मदत असती, कवा बालवाडीची, कवा पाण्याची. कामाचं नाव त्या कागदात जसं हाय तसंच अर्जात लिव्हायचं, आपलं शानपण लावायचं न्हाई.

पयल्या वर्षी झाडं मागितली. गायरान उघडं बोडकं पडलं होतं, तिथं लावायला लिंब, करंज, बाभळीची रोपं आली, जीपमधून, ओल्या गोणपाटात. गावाच्या खालच्या अंगाला धनगराची वस्ती हाय. तेंच्यातली भिमाय म्हणून म्हातारी, तोंडानं लय तिखट. ती कमरंवर हात ठेवून उभी राहिली आन म्हणली, “का गं चिटणीस बाई, आज झाडं लावतेत, उद्या तेला काटेरी तार लावतेत, परवा जंगलखात्याचा शिपाई आणून उभा करतेत. मग माझ्या शेळ्या काय तुझ्या कागदावर चारू?”

मी म्हणलं, “न्हाई वो मावशी, गावाचीच झाडं हायत.”

“गावाची म्हंजे पाटलाची.”

माझ्याबी मनात तेच होतं. आठ दिवसांत निम्मी रोपं शेळ्यांनी खाल्ली. सेविका बाईनं इचारलं तर भिमाय म्हणली, “शेळ्यांनी आपल्या वाट्याची वर्गणी देली.” मग मी तिला ठरावाचा कागद वाचून दाखवला. वाचून म्हंजे एकेक अक्षर बोट ठेवून, चार वेळा. तेच्यात लिव्हलं होतं की पाला आन शेंगा वस्तीवाल्यांच्या. तिनं चारी वेळा एकच हाय का ते बघितलं. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या रोपांना तिनंच काट्याची कुपाटी केली. अकरा झाडं जगली. आता गडीमाणसापेक्षा उंच हायत. एवढं एक काम माझं असं झालं की तेच्यात मला भेव वाटत न्हाई.

दुसरं काम म्हंजे बारव.

आमच्या गावाला पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर जायचं आन घागर बुडवायची, आज्या-पंज्यापासून तसंच. आन आमच्या गावात नारू. ज्यांनी नारू बघितला न्हाई ते लय नशीबवान. पायाला फोड येतो, फुटतो, आन तेच्यातून दोऱ्यावानी पांढरा किडा निघतो, हातभर, दोन हात. तो काडीला गुंडाळून रोज बोट-बोट वढायचा. तुटला तर पाय सुजतो आन माणूस महिना महिना बाजंवर. आमच्या मालकाला लागोपाठ तीन वर्षं झाला, ऐन पेरणीत. ते बाजंवर आन मी तिफणीमागं, पोटात छबू.

सेविका बाईनं सांगितलं की नारूवाला माणूस पाण्यात उतरतो, तेच्या पायातून किड्याचं बी पाण्यात जातं, ते पाणी आपण पितो. माझ्या सासूबाई म्हणल्या, “ही सायकलवाली आता आमाला पाणी प्यायला शिकवायली.” गावात कुणाला पटलं न्हाई. मला पटलं. मला वाईट गोष्ट लगेच पटती. छबू तवा रांगायली होती, तिला पाणी पाजताना मी वाटीत बघत बसायचे, दोन-दोन घटका, काही हालतंय का. फडक्यानं गाळायचे, परत गाळायचे. सासूबाई म्हणायच्या, “लेकराला पाणी पाजायलीस का सोनं पारखायलीस?” माझं एकच होतं, ही पोरगी चालायला लागायच्या आत त्या पायऱ्या बुजल्या पायजेत. वरून कठडा, वर रहाट, दोरानं पाणी काढायचं, पाय पाण्यात घालायचाच न्हाई.

जिंतूरच्या भिंतीवर कागद लागलाच होता, पिण्याच्या पाण्याची मदत. सिमिट आन गवंडी सरकारचा, दगड आन मेहनत गावाची. मी अर्ज लिव्हायला घेतला आन एकवीस बाया जमवायला निघाले, तर एकबी नाव देईना.

तेचं कारण होतं. येलदरीला धरणाचं काम निघालं होतं. तिकडं आमच्या गावचे लोक खडी फोडायला जायचे, तेंनी येऊन सांगितलं की पयले कागदवाले आले, घरोघर नावं लिव्हून घेतली, चहा पेले, गोड बोलले, आन मग गावं उठली. आमचं गाव त्या पाण्याच्या आसपासबी न्हाई, पण भ्यालेल्या माणसाला नकाशा कोण समजावणार. त्येच्या आधी निजामाच्या वक्ताला लेव्ही होती. तवाबी नाव लिव्हलं की मागून गाडी यायची आन कणगीतली ज्वारी जायची. म्हंजे कागदावर नाव जाणं ही चांगली गोष्ट हाय असं आमच्याकडं कुणी बघितलेलंच न्हाई. राज्यं बदलली. निजाम गेला, मग हैदराबाद गेलं, मग आमी मुंबई राज्यात गेलो म्हणले, आमी हितंच होतो. नावं लिव्हून घेणारे तेवढे येतच राहिले.

शाळेच्या वट्यावर दुपारी बाया बसल्या होत्या, भाकरी-धुणं उरकून. भिमायच म्हणली, “नाव पायजे ना तुझ्या सरकारला? माझं माहेरचं लिव्ह. तुळसा. चाळीस वर्षं झाली, कुणाला म्हाईत न्हाई. हुडकत आले तर भिमाबाई सापडंल, तुळसा कुठं सापडणार?”

बाया हसल्या. आमच्याकडं लग्नात नवऱ्याकडचं नाव ठेवतेत हे सगळ्यांना म्हाईतच हाय, तांदळात आंगठीनं लिव्हतेत आन माहेरचं नाव तिथंच संपतं. पण त्या दिवशी सगळ्यांना ते आठवलं. “माझं ठकू लिव्ह.” “माझं चंद्रा.” “माझं बाळी होतं गं, बाळी.” हसायल्या, एकमेकीला ढकलायल्या, पोरी झाल्या होत्या सगळ्या. मी म्हणलं, चालतंय का न्हाई काय म्हाईत. पण खोटं तर न्हाई. त्यांच्याच बापानं ठेवलेली नावं. आन मलाबी भेव होतं, कशाला खोटं बोलू, मी माझंबी माहेरचंच लिव्हलं.

इसावर यादी अडली. एकविसावी सारजा. ती दोन वर्षांपूर्वी गावात आली होती. नामदेव म्हणून आमच्या गावचा, परभणीला जिनिंगवर कामाला होता, तो तिला घेऊन आला. रांडाव होती, पाट लावला, असं तेनं सांगितलं. गावानं जास्त इचारलं न्हाई. ती कुणात मिसळत नव्हती, खाली मान घालून पाणी आणायची. पण माझ्या छबूवर जीव होता तिचा, तिला उसाचं कांडं सोलून द्यायची. त्या दिवशी बाया उठून गेल्या तरी ती बसूनच राहिली.

म्हणली, “बाई, माझंबी लिव्हता?”

“लिव्हते की. काय लिव्हू?”

“साळू.” आन मग हळूच म्हणली, “सोनपेठकडची हाय मी. रांडाव न्हाई. पयला जिता हाय.”

तिनं पाठीवरचा पदर बाजूला केला. जळक्या लाकडाचे डाग होते, एक न्हाई, लय. पंचांनी काडी मोडून सोडचिठ्ठी द्यायला न्हाई म्हणलं, म्हणून ती तशीच निघाली होती. पयला नवरा तिला बाजारा-बाजारानं हुडकत फिरायलाय, हे तिला म्हाईत होतं.

“मग दुसरं काही तरी लिव्हू का गं?” मी इचारलं. खरंच इचारलं. एवढं तरी मी केलं.

ती म्हणली, “सारजा नाव ह्या गावानं ठेवलंय. सगळ्यांची खरी लिव्हली, माझंबी खरं लिव्हा एकदा. कुणी वाचत न्हाई ना?”

मी म्हणलं, “कोण वाचतंय बाई. कागद कपाटात जातो.”

तिनं आंगठा देला.

मला आजबी कळत न्हाई की मी असं कामून म्हणले. मी स्वतः कुणावर इश्वास ठेवत न्हाई, वाटीतल्या पाण्यावर ठेवत न्हाई, आन दुसऱ्या बाईला सांगितलं की इश्वास ठेव. एकवीस भरायचे होते. मनात तेवढंच होतं.

आता चावडीवर या. सेविका बाई त्या दिवशी हजर नव्हत्या, रजेवर होत्या. मुद्दाम आल्या न्हाईत असं मला अजूनबी वाटतं, तेंनी शपथ घेऊन सांगितलं तरी वाटतं. पाटलाला बारव बुजवायची नव्हती, ती तेंच्या वाडवडलांनी बांधलेली, आन बायांनी तेंना न इचारता अर्ज केला हे तर तेंना जास्तच लागलं होतं. आन ब्लॉकच्या साहेबानं आधी कळवलं न्हाई, जीप थेट आली. चौकशी करायची म्हंजे अशीच करतेत, हे मला नंतर कळलं. यादी घेऊन गावाम्होरं मोठ्यानं वाचायची, नावाला माणूस हाय का बघायचं. कपाट-बिपाट काही न्हाई.

“कोणी लिहिली ही यादी?” साहेबानं परत इचारलं.

छबू रडायलीच होती. आमच्या मालकांनी डोळ्यानंच सांगितलं, गप बस. मी उभी राहिले. म्हणले, “मी, साहेब. बाया हायत. हितंच हायत. नावं माहेरची हायत.”

“माहेरची? का?”

का ते कसं सांगायचं? तुमचं भेव वाटलं म्हणून, असं साहेबाला सांगता येतं का? मी म्हणलं, “तीच आमची पयली नावं हायत, साहेब.”

पाटील हसले. म्हणले, “बगा आता. घरची बाई घरच्याला ठाव न्हाई आन सरकारला ठाव.”

साहेब हसला न्हाई. तो तरणाच होता, घामानं सदरा भिजलेला. त्येलाबी कुणी तरी वरून इचारणार असंल. म्हणला, “ठीक आहे. मी पुन्हा नावं वाचतो. ज्या बाईचं नाव तिनं पुढं यावं, तोंडानं नाव सांगावं, माहेर कुठलं ते सांगावं. एकवीस झाल्या तर मंजूर. एक जरी कमी पडली तरी मी जातो आणि अर्ज रद्द.”

मार्चचे सहा दिवस राहिले होते.

“तुळसा.”

कोणी हाललं न्हाई. सगळ्या गडीमाणसांम्होरं आपल्या तोंडानं आपलं नाव घ्यायचं, सासऱ्याम्होरं, थोरल्या दिराम्होरं. आमच्यात सून घरात मोठ्यानं शिंकत न्हाई. मग भिमाय उठली. काठी टेकत साहेबाच्या टेबलापाशी गेली आन म्हणली, “मी तुळसा. माहेर औंढ्याकडं. माझ्या बापानं ठेवलेलं नाव हाय, त्येला बोगस म्हणायचं न्हाई.”

साहेब म्हणला, “नाही म्हणत.”

“आंगठा बघायचाय का परत? हा घ्या. शेण लागलंय.”

हशा झाला, आन त्या हशात ठकू उठली. तिचा नवरा मागून म्हणला, “आयला, खरंच की, ठकूच होती ही! इसरूनच गेलतो.” “तुमी दुसरं काय ध्यानात ठेवलंय,” असं ती पदराआडून बोलली, सगळ्यांनी ऐकलं. मग चंद्रा, मग बाळी, मग एकीमागं एक. पाटलाची स्वतःची भावजय उठली तवा पाटलांनी मिशीवरचा हात काढला. मी माझं नाव सांगितलं. साहेब पेन्सिलीनं खुणा करायलता. मला वाटायलं आता झालं, छबूच्या पायाला काही होत न्हाई, झालं.

ईस झाल्या.

“साळू,” साहेब म्हणला.

मी इसरले होते. खरं सांगते, त्या घाईत मी इसरलेच होते. ती भिताडाच्या पार कोपऱ्यात बसली होती, घागर पुढ्यात, पोट सहा महिन्याचं. तिनं घागर दोन्ही हातानं धरली होती.

“साळू. शेवटचं नाव. साळू आहे की नाही?”

नामदेव जिनिंगवर होता, गावात नव्हता. तिचं खरं नाव त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला म्हाईत होतं. पाटील दर हंगामाला बैलं घ्यायला सोनपेठच्या बाजाराला जायचे. ते मला म्हाईत होतं, तिला म्हाईत होतं. मला म्हणता येत होतं, साळू मेली. माहेरी गेली. मला म्हणता येत होतं, चुकून लिव्हलं. मग ईसच राहिल्या असत्या आन जीप गेली असती.

मी काहीच म्हणले न्हाई. मी तिच्याकडं बघितलं.

तेवढंच केलं मी. साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग मी जिकडं बघायले तिकडं बघितलं, मग पाटलांनी तिकडं बघितलं, मग सगळ्या गावानं. घागरीवरचे तिचे हात निघाले. ती उठली, पुढं आली. माझ्या बाजूनं गेली तवा तिनं छबूच्या पायाला हात लावला, वाटंत होता म्हणून लागला का मुद्दाम लावला, म्हाईत न्हाई.

“मी साळू.”

“माहेर?”

ती थांबली. मग म्हणली, “सोनपेठकडं.”

साहेबानं खूण केली. पाटील पुढं वाकले, तिच्याकडं नीट बघितलं आन म्हणले, “असं का.”

दुसरं काही न्हाई बोलले. “असं का” एवढंच.

मंजुरी झाली. साहेबानं तिथंच दस्तखत केलं, मोहर जिंतूरला मारतो म्हणला. बाया मला मिठ्या मारायल्या. मी सारजाला हुडकायले तर ती निघून गेलती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले न्हाई. तेच्या दुसऱ्या दिवशीबी न्हाई. काय तोंड घेऊन जाणार? चौथ्या दिवशी गेले तर दाराला सुतळी बांधलेली. चूल गार. परातीत मळलेलं पीठ तसंच वाळून गेलतं. नामदेव येऊन तिला घेऊन गेला म्हणतेत, कुणी म्हणतं ती एकटीच गेली. कुणीकडं गेली ते कुणालाच म्हाईत न्हाई, का कुणी सांगत न्हाई. आठवड्यानं दोन माणसं आली, हातात काठ्या, सोनपेठकडची बोली. पाटलाच्या वाड्यावर चहा पेली, नामदेवच्या दारातली सुतळी तोडून आत बघितलं आन गेली. पाटलांनी निरोप धाडला का माणसं आपली आपणच आली, मी इचारलं न्हाई. मला एवढंच म्हाईत हाय की ती माणसं यायच्या आधी ती निघाली होती. पुढं तिला गाठली का न्हाई, ते म्हाईत न्हाई.

बारवेचं काम झालं. आमी बायांनी दगड वाहिले, त्या दगडांनी पायऱ्या बुजवताना पाटलांनी स्वतः नारळ फोडला आन भाषण केलं. रहाट बसला, कठडा झाला. दोन वर्षं झाली. ह्या वर्षी आमच्या गावात कुणाच्या पायातून काही निघालं न्हाई, आमच्या मालकांनी सगळी पेरणी उभ्यानं केली. छबू सगळीकडं पळती. आजूबाजूच्या गावच्या बाया माझ्याकडं यायलेत, आमचा अर्ज लिव्हून द्या म्हणतेत. मी लिव्हून देते. पण नावं तेंनाच लिव्हायला लावते, न्हाई तर दुसऱ्या कुणाकडून लिव्हून आणा म्हणते, आन कागद मोठ्यानं वाचतेत हे पयले सांगते.

भिमायला मी हे सगळं सांगितलं. वर्षभरानं सांगितलं. ती शेळीच्या कासंवर हात तसाच ठेवून ऐकत होती. मग म्हणली, “मला नुसती खूण केली असतीस तर मी परत उठले नसते का? पदर वढून, वाकून. न्हाई तर दुसरी कुणी.”

“पाटलांनी वळखलं असतं मावशी.”

“वळखलं असतं न्हाई तर नसतं. तू करून कुठं बघितलंस?”

मी त्येच्यावर लय इचार करते. मला वाटतं मी इचारायला पायजे होतं, कोण हाय एकविसावी, सांगा गं. मग वाटतं साहेबानं जीप चालू केली असती. मग वाटतं जाऊ द्यायची होती जीप, पुढच्या मार्चला परत मागता आलं असतं. मग छबूचे पाय बघते आन वाटतं पुढच्या मार्चपर्यंत काय झालं असतं. दळण दळताना, पाणी शेंदताना हेच चालू असतं.

तुमी शिकलेली माणसं, अंक वाचणारी, तुमाला नीट सुचत असंल. म्हणून इचारते. लेकरू कडंवर रडायलंय, मार्चचे सहा दिवस राहिलेत, ईस झाल्यात आन साहेब शेवटचं नाव वाचून पेन्सिल धरून बसलाय. त्या वक्ताला तुमी कुणीकडं बघितलं असतं?